नावापुढचा गोल

निवृत्त झाल्यावर माणसं शेतात लक्ष घालतात, नातवंडांना शाळेत सोडतात, नाहीतर गावच्या राजकारणात नाक खुपसतात. मी इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांच्या चर्चमधली जुनी रजिस्टरं वाचायला लागलो. शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण ती भाषा घरात बोलणारी साधी माणसं कधी भेटली नव्हती. ती या रजिस्टरांत भेटली. कोण जन्मलं, कोणाचं कोणाशी लग्न लागलं, कोण मेलं, एवढंच त्यात असतं. पानांचे फोटो संगणकावर बघायला मिळतात. आमचं घराणं तापीकाठच्या शेतकऱ्यांचं, त्यामुळे हा कसला उद्योग ते घरात कुणालाच कळत नसे. बायको तिच्या अहिराणीत म्हणायची, "आठे जित्ता माणसंस्ना फोन उचलतस नही, आनि तठला मरेल माणसं वाची ऱ्हायनात."

मला खरा नाद लागला तो समासातल्या खुणांचा. तिकडचे पाद्री नोंद करताना कडेला काहीबाही खुणा करून ठेवत. कुठे फुली, कुठे नुसतं एक अक्षर, कुठे चक्क बोट दाखवणारा हात काढलेला. एकेकाळी तिकडे दफनाच्या नोंदीवरसुद्धा सरकार कर घ्यायचं आणि गरिबाला तो माफ होता, म्हणून गरिबाच्या नावापुढे एक अक्षर पडायचं. मेल्यावरही माणूस कंगाल होता हे कागदावर राहिलं. अशा खुणांचा अर्थ लावण्यात लोक फार घाई करतात आणि मला त्याची चीड येते. पाद्र्याने खूण केलेली असते ती स्वतःला आठवण राहावी म्हणून. दोन-चारशे वर्षांनी कोणी निवृत्त प्राध्यापक ती बघणार आहे हे त्याच्या स्वप्नातही नसतं. म्हणून एका जागी खूण दिसली की अर्थ ठोकून द्यायचा नाही. ती जिथे जिथे आहे त्या सगळ्या जागा गोळा करायच्या, आणि जिथे असायला हवी होती पण नाही, त्या जागाही बघायच्या.

हे सगळं मी एकदा एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितलं होतं. तो नवापूर तालुक्यातला, गुजरातच्या हद्दीजवळच्या एका गावचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरी मावची बोली बोलतात, ख्रिस्ती आहेत, थोडी शेती आहे. त्या दिवशी तो भिडेखातर ऐकत असावा असं मला वाटलं होतं. पण दोन-तीन वर्षांनी त्याचा फोन आला. त्यांच्या गावच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, आपला इतिहास छापायचा होता. जुनी रजिस्टरं पेटीत होती, पण परदेशी पाद्र्याचं इंग्रजी अक्षर कोणाला लागत नव्हतं. मी येईन का, असं त्याने विचारलं. मी आनंदाने हो म्हणालो. संगणकावरच्या पानांना वास नसतो, आणि इथे खरं रजिस्टर हातात मिळणार होतं.

डिसेंबरची थंडी होती. त्याने मला नंदुरबारला गाडीत घेतलं आणि विसरवाडी मागे पडल्यावर खरं कारण सांगितलं. त्याची आई आजारी होती. सुरतच्या डॉक्टरांनी पोट उघडून पुन्हा शिवलं होतं आणि घरी न्या म्हणाले होते. जन्मात कधी न काढलेला विषय तिने आता काढला होता. ती लहान असताना तिची आई घरातून गेली, ती परत आलीच नाही. बापाने दुसरी केली. गावात सगळे सांगत की ती एका माणसाचा हात धरून गुजरातेत पळाली. "आमच्यात त्याचं फार काही नसतं, सर," तो म्हणाला. बाई दुसऱ्याकडे गेली तर पंच बसतात, दंड ठरतो, मिटतं. पण पोरीच्या मनात ते मिटलं नव्हतं. आता खाटेवर पडल्या पडल्या ती एकच विचारत होती, की आई मला टाकून गेली का.

"रजिस्टरात काही असेल का?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, पळून गेलेल्या बाईची नोंद कोण ठेवतं. मग वाटलं, हे जरा तोडूनच बोललो.

त्यांच्या अंगणात उन्हाला खाट टाकली होती. म्हातारी इतकी वाळली होती की गोधडीखाली माणूस आहे हे डोक्यावरूनच कळायचं. डोळे मात्र टक्क उघडे. मला मावची बोलता येत नाही, पण समजते. ती म्हणाली, "मास्तर, माझ्याकडे दिवस थोडे आहेत, खोटं सांगू नको." माझ्या नातेवाईकांत मरणाऱ्या माणसाला खोटं सांगण्याची पद्धत आहे आणि आम्ही त्याला माया म्हणतो. तिच्यापुढे मी मान डोलावली.

चर्चची इमारत नवी, फरशीची, पण शेजारची पाद्र्याची जुनी खोली कौलारू होती. पेटी तिथेच होती. मंडळीचे सेक्रेटरी किल्ली घेऊन आले. पिकल्या केसांचे, धिप्पाड, बोलायला गोड गृहस्थ. आधी प्रार्थना, मग चहा, मग पुन्हा थोडी प्रार्थना, तोवर माझे हात शिवशिवायला लागले होते. शेवटी पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि कापडी पुठ्ठ्याची तीन रजिस्टरं निघाली. बाप्तिस्म्याचं, दफनाचं, आणि तिसरं प्रभुभोजनाचं. सणासुदीच्या उपासनेत पाद्री भाकर आणि द्राक्षरस देतो त्याला हे लोक प्रभुभोजन म्हणतात. त्या दिवशी कोणी कोणी घेतलं ती नावं पाद्री लिहून ठेवत असे. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण शाई टिकली होती. पाद्री इंग्रज नव्हता, कुठल्यातरी थंड देशातला होता, पण नोंदी इंग्रजीत, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. माणूस टापटिपीचा असावा.

आणि तिथेही समासात खुणा होत्या. खरं सांगायचं तर मला हर्ष झाला. नावापुढे बहुतेक ठिकाणी बरोबरची खूण, आणि काही नावांपुढे एक छोटासा गोल. आत काही नाही, नुसता गोल.

"हे पापी लोक," सेक्रेटरी लगेच म्हणाले. दारू, बाईचं लफडं, जुन्या देवाला कोंबडं कापणं, असं काही केलं की पाद्री गोल करायचा, असं त्यांनी वाडवडिलांकडून ऐकलं होतं. मग माझ्या विद्यार्थ्याकडे न बघता त्यांनी पुस्ती जोडली की याच्या आजीच्या नावापुढेही गोल आहे, आता त्यात लपवण्यासारखं काय उरलं.

त्यांनी पान काढून दाखवलं. आजीचं नाव होतं, नवऱ्याच्या नावाखाली, अमक्याची बायको असं लिहिलेलं. आधी कितीतरी वेळा बरोबरची खूण, मग एका पावसाळ्यापासून गोल. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. गावाचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते त्याला जाऊन आईला सांगावं लागणार होतं.

मला मात्र ती घाईची चीड आली. मी म्हटलं, सेक्रेटरीसाहेब, मला आधी सगळे गोल बघू द्या. ते हसले, बघा म्हणाले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले.

मी वही काढली आणि गोलवाली नावं उतरवत गेलो. पहिली गोष्ट दिसली ती अशी की प्रभुभोजनाच्या यादीत ही नावं नेहमी सगळ्यांच्या शेवटी होती. बाकीची माणसं कधी पुढे, कधी मागे, पाद्री ज्या क्रमाने देत गेला त्या क्रमाने असावीत. गोलवाले मात्र प्रत्येक वेळी तळाला. मी जरा थबकलो. पापी म्हणून शिक्षा असती तर त्यांना प्रभुभोजन मिळालंच नसतं. इंग्लंडातल्या पाद्र्यांची तीच रीत, आणि इथल्या मंडळीत आजही तीच आहे, असं विद्यार्थ्याने सांगितलं. म्हणजे यांना मिळत होतं, पण शेवटी.

मग बाप्तिस्म्याचं रजिस्टर चाळलं. त्यात गोल फार कमी. एक सापडला तो एका तान्ह्या मुलापुढे. आईचं नाव वाचलं आणि मी ते रजिस्टर विद्यार्थ्यापुढे सरकवलं. ते त्याच्या आजीचं मूल होतं, त्याच्या आईचा धाकटा भाऊ. असा कोणी होता हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी सेक्रेटरींना विचारलं, या लेकराने काय पाप केलं होतं? दारू प्यायलं होतं का?

त्यांची ती गोड बोलण्याची लकब एकदम गेली आणि ते बाहेर आवाराकडे बघत राहिले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली की या माणसाला माहीत आहे.

उलगडा झाला तो तिसऱ्या रजिस्टराच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत. पाद्र्याने तिथे चर्चचं सामान लिहून ठेवलं होतं. मेजावर घालायचं कापड, कंदील, घंटा, चांदीचा प्याला. त्याच्या खाली टिनाचा प्याला, आणि त्या ओळीपुढे तसाच एक छोटा गोल. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा प्याला निराळा ठेवावा, दर वेळी उकळत्या पाण्यात टाकावा, आणि आजारी माणसांना शेवटी, बाहेर द्यावं. कुठला आजार, तेही लिहिलं होतं. महारोग.

एका प्याल्यातून सगळी मंडळी पीत असे. ज्यांच्या अंगावर चट्टे उठले त्यांना पाद्र्याने प्रभुभोजन नाकारलं नाही, पण त्यांचा प्याला वेगळा केला, आणि कोणाला कुठला प्याला द्यायचा हे चुकू नये म्हणून नावापुढे गोल काढला. खूण त्याने स्वतःसाठीच केली होती. त्याच्या मागून तिचा अर्थ काय लावला जाईल, याचा त्याला पत्ता नव्हता.

आता त्या बाईच्या सगळ्या नोंदी मी पुन्हा क्रमाने लावल्या. पावसाळ्यात तिच्यापुढे पहिला गोल. हिवाळ्यात बाळाचा बाप्तिस्मा, गोलासह. त्यानंतर एक आडवी रेघ आणि शेरा, की बाळासह महारोग्यांच्या आश्रमात पाठवली, नवरा आणि मोठी मुलगी निरोगी. मला वाटलं, संपलं. पण पुढची पानं उलटताना नाताळच्या यादीत तळाला तीच पुन्हा दिसली, गोलासह. पुढच्या नाताळला पुन्हा, त्याच्या पुढच्यालाही. मधल्या कुठल्याच सणाला नाही, फक्त नाताळला. अशी कितीतरी वर्षं, आणि मग एका नाताळला ती नाही, त्यानंतर कधीच नाही. दफनाच्या रजिस्टरात ती नव्हती. जिथे मेली तिथेच कुठेतरी पुरली असणार.

त्या प्रत्येक नाताळच्या यादीत वर, निरोगी माणसांत, तिच्या नवऱ्याचं नाव होतं. नव्या बायकोसह. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तो माणूस केव्हाच मेला होता आणि मला त्याला धरून विचारायचं होतं.

सेक्रेटरी उठून आत आले. मी म्हटलं, हे तुमच्या पुस्तकात छापा. गोल म्हणजे पापी नव्हे, आजारी. किती घरांवरचा कलंक पुसला जाईल.

"सर, छापू नका," ते शांतपणे म्हणाले. "पापी चालतो. पाप माफ होतं. महारोग म्हटलं की त्या घरात पोरगी कोण देतो?"

त्यांच्या स्वतःच्या आजोबांपुढे गोल होता, हे त्यांनीच सांगितलं. जुन्या वडीलधाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं की विचारलं तर पापी म्हणायचं. पळालेल्या बाईचा दंड भरून घर मोकळं होतं. आश्रमात गेलेल्या बाईच्या लेकीला मात्र जन्मभर नवरा मिळाला नसता. म्हणून बापाने बायकोला नुसतं तोंडाने पळवलं, ती कोणाबरोबर गेली असं सांगून. आणि अख्ख्या गावाने ते पाठ केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कोणाचं नाव कुठे लिहिणार नाही असा शब्द मी त्यांना दिला. त्या शब्दाखातर मी इथे कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, गावाचंसुद्धा नाही.

घराकडे चालताना विद्यार्थी बांधावरच थांबला. त्याने मला विचारलं, आईला हे सांगितलंच पाहिजे का? त्याच्या मुलीचं जमत आलं होतं, स्थळाकडचा मुलगा तळोद्याला नोकरीत होता, नाताळ झाल्यावर लोक बघायला येणार होते. आई आजारपणात बरळते, कोणासमोर बोलून गेली तर?

मी त्याच्यावर भडकलो. म्हटलं, तू शिकलेला, मुलांना विज्ञान शिकवतोस, हा रोग गोळ्यांनी बरा होतो हे फळ्यावर लिहितोस, आणि तू पुन्हा तेच करणार जे तुझ्या आजोबाने केलं? तो म्हणाला, सर, तुम्ही परवा शहाद्याला परत जाल. आणि तो चालायला लागला. शेवटी तोच म्हणाला की सांगा, पण दार लावून, आणि घरात दुसरं कोणी नसताना.

उन्हं उतरली म्हणून म्हातारीला आत घेतलं होतं. बायकोला आणि मुलीला त्याने काहीतरी आणायला पाठवलं. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. टिनाचा प्याला, बाळ, आश्रम. म्हटलं, ती कोणाबरोबर पळाली नाही. तिने तुम्हाला टाकलं नाही. तुमच्या अंगावर चट्टा नव्हता म्हणून तुम्हाला मागे ठेवलं. बाळ मात्र तिच्या अंगावर पीत होतं, त्याच्यापुढेही पाद्र्याने गोल केला होता, म्हणून त्याला न्यावं लागलं. हे बोलताना मला बरं वाटत होतं, ते लपवत नाही. आयुष्यभराचा काटा आपण काढतो आहोत अशी माझी समजूत होती.

तिचे ओठ हलले. मुलाने तिला पाणी पाजलं. मग मी पुढचं सांगितलं, की ती दर नाताळला येत होती.

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. "दर नाताळला?"

मी हो म्हणालो. उपासना संपल्यावर, बाहेर.

"चिंचेखाली," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या मराठीत लिहितो, पण ते तिने फार सावकाश, दम खात सांगितलं. चर्चच्या मागे चिंच होती. नाताळला तिथे एक बाई येऊन बसायची. लुगड्याचा पदर तोंडावरून घट्ट ओढलेला, हात पदरात. पहिल्या वर्षी तिच्या मांडीवर मूल होतं, नंतर नव्हतं. सगळे बाहेर पडले की पाद्री तिच्याकडे प्याला घेऊन जायचा. पोरींना तिची भीती वाटायची आणि बघावंसंही वाटायचं, म्हणून त्या लांब उभ्या राहायच्या. बाई कधी उठायची नाही, कधी जवळ यायची नाही. दगडावर पेरू ठेवायची. पोरी म्हणायच्या, हात लावू नका. आणि ती एकेकीला नाव विचारायची. तुझं नाव काय, तुझं नाव काय. बाकीच्या लांबून ओरडून सांगायच्या आणि हसत पळायच्या.

"मी नाही सांगितलं," म्हातारी म्हणाली. "एकदाही नाही."

बापाने तिला बजावलं होतं. त्या बाईला नाव सांगितलं की ती नाव घेऊन जाते आणि मग आपल्यालाही चट्टे उठतात. दुसऱ्या कुठल्याच पोरीला कोणी असं सांगितलं नव्हतं. बाई तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा विचारायची आणि ती तोंड घट्ट मिटून उभी राहायची. एका वर्षी बाई आली नाही, तेव्हा पोरींना बरं वाटलं होतं.

मला माझ्या त्या समजुतीची लाज वाटत होती. तिने मागितलं तेच मी दिलं होतं, खोटं काही सांगितलं नव्हतं, आणि तिच्या छातीतला एक काटा काढून त्याहून मोठा घातला होता. मुलगा तिचे पाय चोळत होता. तिने पाय ओढून घेतले.

बऱ्याच वेळाने ती कुशीवर वळली, बंद दाराकडे तोंड करून. आणि तिने आपलं नाव सांगितलं. नीट, मोठ्याने, शाळेत हजेरीला सांगतात तसं.

मुलाला वाटलं तिला भ्रम होतोय. "सरांना माहीत आहे तुझं नाव, आई," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दाराकडे बघत ती पुन्हा आपलं नाव सांगायला लागली.